फ्लॅटमधून गाडीत: सोलापूरच्या एका बिऱ्हाडाचं प्रकरण

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट, लिफ्ट नाही. नवरा सहकारी बँकेतून निवृत्त, बायको शाळेतून. गल्लीत त्यांना सगळे साहेब आणि बाईच म्हणतात, म्हणून इथेही तेच. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत, बाकी जसंच्या तसं. मुलगी पुण्यात, मुलगा हैदराबादेत. सोलापूर दोन्हींच्या मधोमध, एकाच हायवेवर: पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. दोघा पोरांकडे आलटून पालटून राहायचं, फ्लॅटला महिनोन् महिने कुलूप, मेंटेनन्स मात्र चालू. बाईंचे गुडघे जिन्यावर बोलायला लागले होते. साहेबांना मधुमेह, रोजचं इन्सुलिन.

साहेबांनी निवृत्तीचे पैसे आले तसे तीन हिशोब मांडले: तळमजल्यावर घर घेणं, पोराकडे कायमचं जाणं, आणि राहण्याजोगी गाडी घेऊन फ्लॅट भाड्याने देणं. तिसरा हिशोब बघून बाई हसल्या होत्या. सहा महिन्यांनी त्याच हिशोबावर दोघांच्या सह्या झाल्या. फ्लॅट विकला नाही, अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिला. या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट कुठली, असं विचारलं तर मी हीच सांगेन. परतीचा रस्ता मोकळा असला की माणूस कमी घाबरतो, आणि कमी घाबरलेला माणूस नव्या जागी लवकर रुळतो.

माझा धंदा सोलर आणि बॅटऱ्यांचा. छतावरचं आणि शेतातलं काम नेहमीचं, गाडीतलं क्वचित. गाडी तयार होऊन आल्यावर विजेचं काम बघायला त्यांनी मला बोलावलं, आणि पुढे वर्षभर काही ना काही निमित्ताने जाणं-येणं होत राहिलं.

गाडी

टेम्पो ट्रॅव्हलरच्या वर्गातली, उंच छताची. आत उभं राहता येतं. राहण्याची जागा साडेचार मीटर बाय पावणेदोन-एक मीटर, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी चौरस फूट. मागे आडवा पलंग, मधे ओटा आणि समोर संडास-मोरी, पुढे दोघांना बसायला बाक आणि घडीचं टेबल. छतावर ३३० वॉटच्या दोन पॅनेल, बाकाखाली २०० अँपियर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, १२० लिटर चांगल्या पाण्याची टाकी, खाली ८० लिटर सांडपाण्याची.

अशी गाडी करायची म्हणजे आधी कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक भूमिका घेतली. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे राहण्याजोग्या गाडीसाठी, एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्याकडूनच बांधणी करून घ्यायची आणि नोंदणीही त्याच प्रकारात करायची. जुनी स्कूल व्हॅन घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून पलंग ठोकून घेणारेही भेटतात. त्यांना अपघातानंतर विम्याच्या वेळी काय ऐकावं लागेल, याचा विचार त्यांनी आधीच केलेला बरा. साहेब बँकेतले असल्यामुळे कागदाच्या बाबतीत मला काही सांगावं लागलं नाही. उलट आरसी, विमा, गॅस, सोलर, प्रत्येकाची वेगळी फाइल करून त्यांनी मलाच दाखवली.

वजनाचं मात्र त्यांनाही नवीन होतं. १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलो, त्यात बॅटरी, पॅनेल, लाकूडकाम, दोन माणसं. गाडीच्या एकूण वजनाला मर्यादा असते आणि ती अंदाजाने कळत नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, की वजनकाटा शोधायला लांब जावं लागत नाही. गाडी भरून काट्यावर घातली आणि मग आवराआवर सुरू झाली. स्टीलचं पिंप गेलं, मिक्सर गेला, साहेबांच्या जुन्या डायऱ्या पेटीत बंद होऊन बाईंच्या भावाकडे गेल्या. लोखंडी खलबत्ता काही खाली उतरेना. शेंगाचटणी मिक्सरला लावली की तिचं पीठ होतं, तेल सुटत नाही, हे बाईंचं म्हणणं. सोलापूरच्या माणसाने यावर वाद घालायचा नसतो. खलबत्त्याचे चार किलो राहिले, साहेबांचा डंबेल्सचा जोड गेला.

चादरी आणि टॉवेलची गंमत झाली. घरात अर्थातच जाडजूड सोलापुरी चादरींची चळत आणि टर्किश टॉवेल. गाडीत चादर घडी करून ठेवायला जागा नाही आणि जाड टॉवेल बंद गाडीत रात्रभर ओलाच. टॉवेलसाठी देशभर नाव असलेल्या गावचं हे जोडपं आता पंचाने अंग पुसतं.

पाणी

पाण्याचं अवघड जाईल असं पोरांना वाटत होतं. मुलीने पुण्याहून पाणी वाचवण्याचे व्हिडिओ पाठवले. बाईंनी ते बघितलेसुद्धा नाहीत. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या बाईने तीस वर्षं पाण्याच्या दिवसाप्रमाणे धुण्याचं आणि पाहुण्यांचं वेळापत्रक लावलं, तिला १२० लिटर म्हणजे हिशोब माहीत असलेली गोष्ट. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं भांड्यांच्या पहिल्या विसळीला. दोघांना दिवसाला तीस-पस्तीस लिटर पुरायला लागलं, त्यात आंघोळ बादलीतून, तांब्याने. गाडीतल्या शॉवरचा नळ बाईंनी पहिल्याच आठवड्यात पिशवी गुंडाळून बंद केला.

संडासाचं तसं नव्हतं. कॅसेट टॉयलेट म्हणजे खाली वीसेक लिटरची सरकती पेटी. भरली की बाहेरून ओढून काढायची आणि नेहमीच्या संडासात रिकामी करायची. ही पेटी कागद वापरणाऱ्या देशांत बेतलेली आहे. आपण पाणी वापरतो. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण लिटर धुण्याचं, वर फ्लशचं. चार दिवस चालेल म्हणून सांगितलेली पेटी दीड दिवसात भरायची. जेट स्प्रे काढून टाकला आणि मोजून पाणी घ्यायला एक छोटा मग ठेवला, तेव्हा ती जेमतेम अडीच दिवसांवर आली. पेटी उचलायचं काम साहेबांचं. ब्रँच मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस सकाळी पेटी ढकलत निघालाय, हे पहिल्यांदा ओळखीच्या कुणी बघितलं त्या दिवशी ते जेवले नव्हते, असं बाईंनी मला नंतर सांगितलं. आता ते पेटीला ‘कॅश बॉक्स’ म्हणतात.

देवघराचंही सांगायला हवं, कारण आराखडा काढणाऱ्याला ते सुचलेलंच नव्हतं. गाडी बांधून आली तेव्हा देव ठेवण्यासारखा एकच कोनाडा होता आणि त्याच्या मागची भिंत संडासाची. बाईंनी देव बाहेरच काढले नाहीत, डब्यातच ठेवले. शेवटी ड्रायव्हरच्या सीटमागे छोटी फळी मारली आणि देव तिथे बसले. मग दिशेचा प्रश्न: घराला पूर्व असते, गाडीला कुठली? फळी अशी होती की गाडीचं नाक पूर्वेकडे असेल तर पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला. बाईंनी नियमच केला, गाडी लावायची ती पूर्वेला तोंड करून. साहेब कुरकुरले. पण नाक पूर्वेला म्हणजे गाडीच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण, आणि मावळतीचं जळजळीत ऊन फक्त मागच्या अरुंद बाजूवर. आमच्या धंद्यात गाडी लावायची हीच दिशा आम्ही सांगितली असती. समोरच्या काचेला सकाळी चंदेरी पडदा लावायचा, एवढंच जास्तीचं काम.

मे महिना

गाडी डिसेंबरमध्ये आली. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, नंदीध्वज, सगळं मजेत झालं. बाईंनी गाडीच्या छपरीखाली हळदीकुंकूही केलं. आत एका वेळी चौघीच मावत, म्हणून बायका बाहेर सतरंजीवर बसल्या आणि आत ‘घर बघायला’ रांग लागली. फेब्रुवारी बरा गेला. मार्चपासून ऊन सांगायला लागलं.

सोलापूरचा मे म्हणजे ४२-४३ अंश ही नेहमीची गोष्ट. मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखालीच जाते. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर वर निदान स्लॅब आणि गच्ची असते. इथे पत्रा, त्याखाली दीड इंच फोम आणि प्लायवूड. फोम उष्णता पूर्ण अडवत नाही, ती हळूहळू आत येऊ देतो. त्यामुळे दुपारी एकपर्यंत आत ठीक असायचं आणि संध्याकाळी सहाला, बाहेर वारा सुटलेला असताना, आत भट्टी.

एसी होता, पाऊण टनाचा. लोक इथेच फसतात, म्हणून आकडे देतो. बॅटरीत भरलेली असताना अडीच युनिट वीज. फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला पाऊण युनिट खातो, दोन पंखे मिळून तेवढंच, दिवे-मोबाइल-टीव्हीचं पाव. एसी तासाला पाऊण युनिटच्या आसपास. म्हणजे बाकी सगळं बंद ठेवलं तरी बॅटरीवर एसी तीन-सव्वातीन तास. पॅनेलमधून चांगल्या उन्हात दिवसाला अडीच-तीन युनिट येतात, पण पॅनेल स्वतः तापली की तिचं उत्पादन पडतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. मेमध्ये छतावरची पॅनेल ६५ अंशांवर जाते, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. ऊन जितकं कडक, तितकी वीज जास्त, असं नसतं.

आणि मुख्य पेच हा: गाडी उन्हात लावली तर वीज मिळते, पण ती सगळी आतलं ऊन बाहेर काढण्यात जाते. सावलीत लावली तर आत बरं, पण पॅनेल बसून राहतात. पाश्चात्त्य देशांतले या विषयावरचे सल्ले वाचले तर त्यांत थंडीचा हीटर आणि पाइपमधलं पाणी गोठण्याचे उपाय पानोपान. आपला प्रश्न या एका पेचात आहे.

तेव्हा त्यांची गाडी विजापूर रोडकडे एका मोकळ्या प्लॉटवर, पूर्ण उन्हात उभी असायची. एका दुपारी तीनच्या सुमारास साहेबांचा फोन आला. पंखा बंद, फ्रिज बंद, पण आकाशात ढगाचा ठिपका नाही. जाऊन बघितलं. बाकाखालची बॅटरीची पेटी चारी बाजूंनी बंद, शेजारी इन्व्हर्टर, आणि थर्मामीटर आत टाकला तर ५३. लिथियम फॉस्फेटला चार्जिंगच्या वेळी ४५ अंशांपर्यंतच चालतं असं बहुतेक कंपन्या सांगतात. बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने चार्जिंग तोडलं होतं, सकाळपासून एसी चालू, आणि उरलेली वीज संपल्यावर सगळंच बंद. सर्किटने आपलं काम चोख केलं होतं. फ्रिजमध्ये मात्र साहेबांचं न उघडलेलं इन्सुलिन होतं, जे दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं.

ते इन्सुलिन त्या दिवशी बर्फाच्या डब्यात घालून बाईंच्या भावाच्या फ्रिजमध्ये गेलं. रात्री दोघं तिथेच राहिले. बाई म्हणाल्या, “झालं तेवढं बास. मी जिना चढेन.” साहेब गप्प.

मी त्यांना दोन दिवस थांबा म्हटलं. गाडीच्या प्रेमापोटी नाही. बिघाड छोटा होता आणि त्यावर वर्षाचा निर्णय होत होता, म्हणून. पेटीला खाली-वर जाळी पाडली, बारा व्होल्टचा एक छोटा पंखा बसवला, इन्व्हर्टर वेगळ्या कप्प्यात नेला. इतकं सोपं होतं. इन्सुलिनची सोयही अशी लावली की ती विजेवर अवलंबून राहू नये: महिन्याचा साठा भावाच्या फ्रिजमध्ये, गाडीत फक्त चालू पेन, तेही झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या पाण्यात तरंगतं.

सावलीचा पेच मात्र गाडीत सुटण्यासारखा नव्हता. तो जागेवर सुटला.

उभं कुठे राहायचं

सुरुवातीला गाडी सोसायटीच्याच पार्किंगमध्ये होती. फ्लॅट त्यांचा, पार्किंगही त्यांचं, पण कमिटीने दुसऱ्याच बैठकीत विषय घेतला. भाडेकरूला पार्किंग दिलंय की नाही, खाली संडास वापरणार का, उद्या सगळेच अशा गाड्या आणतील. मला विचाराल तर यातला पहिला मुद्दा रास्त होता. मग मोकळा प्लॉट. तिथे रात्री गस्तीच्या पोलिसांनी दोनदा काच वाजवली. बोलले अदबीनेच, साहेबांचं वय बघून चहाचंही विचारलं. पण रात्री दोनला काचेवर काठीचा आवाज ऐकलेल्या माणसाला पुढची झोप लागत नाही. हायवेवरचा पंप आणि ढाबा हे रात्रीपुरते ठीक, दिवसरात्र ट्रकची इंजिनं.

गल्लीत वेगळीच कुजबुज सुरू झाली होती: पोरांनी घराबाहेर काढलं, कर्ज झालं, फ्लॅट गेला. बाईंना याचा सगळ्यात जास्त त्रास झाला, उन्हापेक्षाही. भाजीच्या मंडईत एकीने हळूच विचारलं, “काही मदत पाहिजे का ओ बाई?” त्या दिवशी बाई गाडीत येऊन रडल्या. आपल्याकडे दाराला पत्ता नसलेल्या माणसाकडे बघायची नजर जुनी आहे. याच सोलापुरात इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली फिरस्त्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबणारी सेटलमेंट होती. तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. ज्यांची बिऱ्हाडं खरोखर पाठीवर होती त्यांना काय सोसावं लागलं, त्याच्यापुढे निवृत्त मॅनेजरची ही अडचण काहीच नाही. पण नजर तीच, एवढं मात्र त्या दिवशी बाईंना कळलं असावं. पुढे गाडीजवळ पाल ठोकून राहिलेल्या चाकूसुऱ्या विकणाऱ्या कुटुंबाकडे त्या स्वतःहून जाऊन बोलायला लागल्या.

पत्त्याचाही व्यावहारिक भाग होताच. आधार, बँकेचं केवायसी, लायसन्स, गॅसची टाकी, सगळ्यांना पत्ता लागतो. मतदार यादीसाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट आहे: केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. साहेबांनी सगळं बाईंच्या भावाच्या पत्त्यावर नेलं, कारण पत्रं तिथे येणार होती आणि गाव सोडून हे दोघं कायमचे कुठे जाणार नव्हते.

त्यांच्या ध्यानात आलेली एक गोष्ट मला फार आवडली. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण सोलापूरहून निघालेल्या या दोघांना गरज होती ती अंघोळीची, संडासाची आणि निर्धास्त झोपेची. ती सगळी सोय आपल्याकडे शतकानुशतकं तीर्थक्षेत्रांना आहे. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरेक, खाली गाणगापूर. भक्तनिवास, मोठं पार्किंग, पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह, आणि गाडीत झोपलेल्या माणसाला कुणीही ‘का?’ विचारत नाही, कारण निम्मं पार्किंग गाडीतच झोपलेलं असतं. अट एकच, पंचांग बघून जायचं. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, आषाढीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा नाही.

पण मेमध्ये तीर्थक्षेत्राच्या पार्किंगलाही सावली नसते. कायमची जागा निघाली ती बाईंच्या मावसभावाच्या शेतात, मार्डीच्या बाजूला. विहीर, शेजारी तीन जुने कडुनिंब, वस्तीवरचा संडास. भाऊ म्हणाला, “अक्का, गाडी लाव की. दाजींना म्हणावं, भाडं काढलं तर बोलणार नाही.” नात्यात पैसे देता येत नाहीत आणि फुकट राहिलं की वर्षभरात कडवटपणा येतो, हे दोन्ही बाई जाणून होत्या. त्यांनी विहिरीच्या मोटारीचं रिवाइंडिंग करून दिलं, पुढे त्याच्या पोरीला रोज संध्याकाळी गणित शिकवायला घेतलं. भाड्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

शेतीपंपाच्या लाइनवरून गाडी चालवू, असं भाऊ म्हणत होता. ते नियमात बसत नाही, आणि त्या लाइनच्या वेळांचाही भरवसा नाही. त्यापेक्षा आणखी दोन पॅनेल घेऊन लोखंडी स्टँडवर बांधापलीकडे उन्हात लावल्या, गाडी निंबाखाली. मधे पंधरा मीटर केबल. दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये जोडल्या, म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि करंट निम्मा. केबलमधला लॉस त्यामुळे चौथ्या हिश्शावर येतो. हे करणार असाल तर चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारं यंत्र) तेवढं व्होल्टेज सोसणारा आहे का, हे आधी बघा.

एसी जवळजवळ बंद झाला. त्याच्या जागी आला साधा कूलर, वाळ्याचा, गाडीच्या सरकत्या खिडकीला बाहेरून टेकवलेला. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी, कूलरला याहून चांगली हवा नाही. वीज शंभर वॉटच्या आत. पाणी मात्र तासाला तीन-चार लिटर पितो, म्हणजे दिवसभरात पस्तीस-चाळीस. शहरात १२० लिटरच्या टाकीवर हा चैनीचा सौदा. विहिरीशेजारी त्याचं काहीच नाही. कूलर की एसी, याचं उत्तर गाडी कुठे उभी आहे त्यावर आहे. जून उजाडला, हवा दमट झाली की कूलर काढून ठेवायचा.

स्वयंपाकही बदलला. मेमध्ये दुपारी आत शेगडी पेटवायची नाही. भाकरी पहाटे, छपरीखाली. ज्वारीचं पीठ उन्हात लवकर कडवट होतं म्हणून आठवड्यापुरतंच दळण. आणि दुपारी सोलापूरची कडक भाकरी, पापडासारखी, जी महिनाभर राहते. ती दह्यात चुरायची, वर शेंगाचटणी. फ्रिज नाही, गॅस नाही, भांडं एक. पाच किलोची टाकी त्यामुळे तीन आठवडे पुरते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला जमिनीलगत भोक आणि गॅसचा अलार्म घोट्याच्या उंचीवर. तो आधी छताजवळ बसवलेला होता. बसवणाऱ्याला धुराचा अलार्म आणि गॅसचा अलार्म एकच वाटला असावा.

दोघं

पंच्याऐंशी चौरस फुटांत भांडण झालं तर दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. फ्लॅटमध्ये साहेब हॉलमध्ये पेपर वाचत, बाई आत वह्या तपासत. संसार इतकी वर्षं दोन खोल्यांच्या अंतरावर सुरळीत चालला होता. इथे टीव्हीचा आवाज, खाकरणं, रात्री उठणं, सगळं दोघांचं. त्यात साहेबांनी पाण्याची आणि युनिटची खतावणी लिहायला घेतली. “काल तुझ्याकडून चार लिटर जास्त,” हे वाक्य त्यांनी एकदाच उच्चारलं. बाईंनी वही घेतली, ‘मंजूर’ असा शेरा मारून सही केली आणि वही गॅसच्या कप्प्यात टाकून दिली.

तोडगा त्यांचा त्यांनीच काढला. संध्याकाळी चार ते साडेपाच गाडी बाईंची. साहेब वस्तीवर किंवा फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर. सकाळी बाई फिरायला गेल्या की गाडी साहेबांची. गाडीत झोपायची जागा दोघांना मिळून एक, पण एकटं बसायची वेळ प्रत्येकाला वेगळी. मला वाटतं, छतावरच्या पॅनेलइतकीच ही सोय या गाडीला लागत होती, आणि ती कुठल्याही आराखड्यात नव्हती.

मुलं येतात तेव्हा नातवंडं गाडीत, मोठे वस्तीवर. मुलगा आधी फोनवर वाद घालायचा. जूनमध्ये येऊन दोन रात्री राहिला, तेव्हापासून निदान तो विषय त्याने काढलेला नाही. मुलगी अजून काढते.

सध्या

‘पूर्णवेळ गाडीत’ याचा त्यांच्यापुरता अर्थ आता असा झाला आहे: मार्चपासून पावसापर्यंत निंबाखाली, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पुणे-हैदराबाद रस्त्यावर पोरांकडे ये-जा आणि मधली तीर्थक्षेत्रं, संक्रांतीला गड्ड्यासाठी शहरात. बाईंचे गुडघे बरे आहेत, पण त्याचं श्रेय जिना नसण्याला की रोज शेतात चालण्याला, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. फ्लॅटचा करार आणखी अकरा महिन्यांसाठी वाढवला. या वेळी बाईंनी भाडेकरूकडून वरचा एक पोटमाळा आपल्याकडे ठेवून घेतला.

पुढचा प्रश्न पावसाचा. ढगाळ दिवसात छतावरच्या पॅनेलमधून उन्हाळ्याच्या पाव, निम्मं, काहीही येऊ शकतं, भरवसा नाही. म्हणून गाडी चालताना इंजिनच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवायचं ठरलंय. ३० अँपियरचा घेतला तर पुण्यापर्यंतच्या पाच तासांत दीड-पावणेदोन युनिट सहज. साहेबांना ५० अँपियरचा हवाय. मी अल्टरनेटरची क्षमता बघून सांगतो म्हटलंय. बाईंनी तेवढ्यात विचारून घेतलं की चार्जरचं वजन किती, कारण काट्यावर आता फक्त सव्वा किलो शिल्लक आहे आणि खलबत्ता उतरणार नाही.